श्रीपूर : आपल्या उंबरठ्यावरचा वारसा

आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना प्राचीन बौद्ध वारसा म्हटले की अजिंठा आठवतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना तो ठाऊक असावा, हे योग्यच आहे. परंतु भिलाईहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा सिरपूरची ओळख आपण त्यांना कितपत करून दिली?

महानदीच्या तीरावरील हे लहानसे गाव म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्यूएन त्संग कोसल देशी आला. तेथे सुमारे १०० संघाराम आणि जवळजवळ १०,००० भिक्षू असल्याचे त्याने नोंदविले आहे.

१९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्याच सुमारास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ सिरपूरची भूमी उकलत होते. त्यांच्या उत्खननात विटांचे विहार, भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती आणि एक शिलालेख उजेडात आला. भिक्षू आनंदप्रभूने महाशिवगुप्त बालार्जुनाच्या कारकिर्दीत विहार उभारून भिक्षूंच्या भोजनाची व्यवस्था केली, असे त्या लेखावरून कळते. म्हणूनच तो विहार आज 'आनंदप्रभू कुटी विहार' या नावाने ओळखला जातो.

येथे एक गोष्ट विशेष मननीय आहे. बालार्जुन स्वतः शिवभक्त होता. त्याची माता वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ विष्णूचे मंदिर बांधविले. तेच आजचे विटांचे लक्ष्मण मंदिर. असे असूनही या राजाने बौद्ध भिक्षुसंघाला ग्रामदान दिल्याचा ताम्रपट मल्हार येथे मिळाला आहे. आपली श्रद्धा दृढ ठेवूनही दुसऱ्याच्या श्रद्धेला आश्रय देता येतो, याचा हा लिखित पुरावा होय.

ही शिकवण भिलाईला परकी नाही. देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी झाली. आपली मराठी शाळाही त्याच शेजारधर्माने वाढली. मात्र मायबोली जपताना ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला तिचा इतिहास जाणून घेण्यात आपण उणे पडलो, हे शिक्षिका म्हणून मला मान्य केले पाहिजे.

हीरकमहोत्सवी वर्षात ही उणीव दूर व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी एकदा तरी सिरपूर पाहावे आणि तेथे पाहिलेले मराठीत लिहून आणावे, असा आमचा संकल्प आहे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या मुलाबाळांसह या उपक्रमात सहभागी व्हावे, ही विनंती.