वैनगंगेकाठची नावे

दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा मार्कंड्यापाशी आली की तोंड फिरवून उत्तरेला वळते, आणि त्यामुळेच त्या जागेला तीर्थाचा मान मिळाला. मृकंड ऋषींच्या पोराचे आयुष्य सोळा वर्षांचे; यमाचा पाश पडला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि मरण माघारी गेले, ही कथा आमच्या मुलखातल्या मुलांना पाटी हाती येण्यापूर्वीच ठाऊक असते. महाशिवरात्रीच्या यात्रेत मीही, ख्रिस्ती घरातला मुलगा, रेवड्या खात पुष्कळ हिंडलो आहे. मंदिराच्या भिंतींवरील मूर्ती पाहून लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. म्हणोत बिचारे, मार्कंड्याला दुसऱ्या गावाच्या नावाची उसनवारी करण्याचे कारण नाही.

हेच पाणी पुढे वर्धेला मिळते व प्राणहिता होऊन अहेरीच्या अंगाने गोदावरीकडे जाते. त्या प्राणहितेच्या काठी, चिंचगुंडीजवळ, २९ एप्रिल १८५८ च्या रात्री तारखात्याच्या लोकांचा तळ पडला होता. गार्टलंड, हॉल आणि पीटर अशी तिघांची नावे. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी त्या वर्षी कंपनी सरकारविरुद्ध गोंड व रोहिल्यांची फौज उभारली होती. त्यांच्या माणसांनी तळावर छापा घातला. गार्टलंड आणि हॉल जागीच ठार झाले. पीटर निसटला आणि त्याने चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांना वर्दी दिली.

पुढील हकिकत आमच्याकडे पोरेही सांगतात. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून सरकारच्या हवाली केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. वय पंचवीस. व्यंकटराव बस्तरच्या रानात शिरले. १८६० मध्ये सापडले आणि जन्मठेपेवर गेले. लक्ष्मीबाईंना बक्षिसादाखल गावे मिळाली. त्यांना दूषणे देणे सोपे आहे, आणि तोफेच्या तोंडाशी कधी उभे न राहिलेल्या लोकांना तर ते फारच सोपे जाते.

बाबूरावांचा स्मृतिदिन दिवाळीच्या आगेमागे येतो. तुरुंगातल्या पिंपळाला हार पडतात. २००९ साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. आणि मग आठपंधरा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, आम्हा ख्रिस्ती लोकांतले पुष्कळजण कबरस्तानात मेणबत्त्या लावतात. ११ नोव्हेंबरच्या लगतच्या रविवारी युद्धात पडलेल्यांसाठी प्रार्थना होते. १९१८ साली पहिले महायुद्ध त्या तारखेला थांबले. एकीकडे आकाशकंदील, यमासाठी दक्षिणेला तोंड करून ठेवलेली पणती, आणि दुसरीकडे या मेणबत्त्या. आमच्या चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. १९७० साली नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली, तेव्हापासून तीच आमची मंडळी. म्हणजे साहेबाचे चर्च गेले. साहेबाच्या लढायांचे स्मरण तेवढे मागे उरले, असे आमचे हिंदू स्नेही थट्टेने म्हणतात.

थट्टेत तथ्य आहे. पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानात मी एकदा गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी. एका मापाचे दगड, कापलेले गवत, मधे उंच क्रूस. सेनापती असो वा शिपाई, दगड सारखाच, हा नियम १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने घालून घेतला. नियम ख्रिस्ताला शोभणारा आहे. पण त्याच आयोगाच्या समितीने २०२१ साली कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, ज्यांत आफ्रिकन पुष्कळ आणि हिंदीही आहेत, नावानिशी स्मरण झालेच नाही, कित्येकांचे तर मुळीच नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक कामी आले. मरणात सारे समान, परंतु दगड घडवणाऱ्याच्या हातात मात्र यादी होती.

मग आम्ही कोणाचे स्मरण करावे? वर्गात बाबूरावांचा धडा झाला की एखादे पोर विचारतेच, “गुरुजी, त्या दोघा तारवाल्यांसाठी कोण रडले असेल?” धड्याच्या पुस्तकात याचे उत्तर नसते. मी एवढेच सांगतो की त्यांनाही आई असेल.

मला स्वतःला उत्तर सापडले ते शुभवर्तमानात. रोमन सुभेदाराने राजद्रोहाच्या आरोपावरून एका तरुणाला वधस्तंभावर दिले. शिष्य पळाले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे काही बायका सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेल्या. पुनरुत्थानाची वार्ता त्यांना तिथे गेल्यावर मिळाली; निघाल्या तेव्हा त्यांच्यापाशी आशा नव्हती, नुसते स्मरण होते. सरकारने मारलेल्या माणसाची आठवण ठेवण्याची हिंमत, एवढ्यावर आमचा धर्म उभा आहे. ज्याला हे पटते त्याला चांद्याच्या पिंपळाखालून मान वळवून जाता येणार नाही. आणि त्याच तरुणाने मरता मरता मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, म्हणून चिंचगुंडीच्या वाळूवर पडलेल्या दोघांकडेही पाठ फिरवता येणार नाही. भामरागडकडचे माडिया आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. त्या दगडांवर नाव नसते, तरी कोणता कोणाचा हे घरच्यांना ठाऊक असते.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी मी पाळकांना तीन नावे कागदावर लिहून दिली: गार्टलंड, हॉल, बाबूराव. त्यांनी कागद एकदा उलटून पाहिला आणि ती तशीच एकापाठोपाठ वाचली. देवळात खोकलासुद्धा झाला नाही. उपासना संपल्यावर मागच्या बाकावरली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “माझ्या लेकाचे नाव पण घाला. पोलिसात होता. जंगलात गेला.” तिच्या मागे आणखी एक बाई उभी होती. तिचाही मुलगा त्याच जंगलात गेला होता. तो कोणत्या बाजूचा होता ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पाळकांनी खिशातले पेन काढून माझ्या हाती दिले.