एक, दोन, तीन आणि ओंदु, एरडु, मूरु

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस कसोट्यांची मालिका केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांची वेगळी सोय लावता यावी म्हणून. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणलं, आणि मदतीसाठी बांधलेल्या अडाख्याचा ‘बुद्ध्यांक’ झाला. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय आठ निघालं की ऐंशी. आकडा इतका सुटसुटीत, की तो कोणत्या भाषेत काढला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. विचारायला हवं मात्र तेच.

व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या धारवाडला बिनेच्या मालिकेची टर्मनने केलेली आवृत्ती कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचा शोधनिबंध १९३४ मध्ये आला, पुस्तक १९४० मध्ये. शब्दांचे अर्थ, नाणी, मोड हे सगळं बदलावं लागणार हे उघडच होतं. रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या पोराला फ्रेंच सू आणि अमेरिकन सेंट काय सांगणार? पण खरी मेख आहे ती जिथे बदलण्यासारखं काहीच दिसत नाही तिथे. टर्मनच्या मालिकेत सात वर्षांच्या मुलाने ऐकलेले पाच अंक त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे असतात. मराठीतले एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ उच्चारताना एका झटक्यात सुटतात. लांबतात ते सहा आणि नऊ. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. एकही अंक दोन झटक्यांच्या आत सुटत नाही आणि नऊ तर ‘ओंबत्तु’. परीक्षक सेकंदाला एक याच गतीने अंक वाचतो हे खरं, पण मूल ते मनात घोळवतं स्वतःच्या भाषेत. वेल्श अंक इंग्रजीपेक्षा लांबट म्हणून तेच द्विभाषिक लोक वेल्शमध्ये कमी अंक लक्षात ठेवतात, हे १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी दाखवलं. एकाच बाकावरच्या मराठी आणि कानडी मुलाला ही कसोटी सारखीच जड गेली असेल, असं धरून चालता येत नाही.

यावर म्हणतील, कसोट्या डझनावारी असतात, एकीचा फरक दुसऱ्यांत विरून जातो. पण भाषेचा कल सगळीकडे एकाच बाजूला असेल तर तो विरत नाही, साठत जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चाचणी नको तर उरतं काय? मास्तरांचं मत, आणि त्या मतात मुलाची जात, कपडे, बापाचा धंदा सगळं येतं. हे मान्यच, शिक्षकांच्या अंदाजावर विसंबायचं नाही म्हणून तर बिनेने मोजपट्टी हाती घेतली. मोजपट्टी टाकून देण्याचा प्रश्नच नाही; ती कुठे आणि कुणावर आखली हे आकड्याशेजारी लिहिलं जावं, एवढंच. भाषेचा काटा काढायचा म्हणून १९५५ मध्ये चंद्रमोहन भाटिया यांनी हाताने करायच्या कसोट्यांचा संच आणला: रंगीत ठोकळे, सरकवायचे तुकडे, आकृत्या, चित्रजुळणी. संचात एकूण पाच कसोट्या. उरलेली एक मात्र कानाने ऐकून तोंडाने म्हणायचीच राहिली.