घर मुलांच्या नावे करण्यापूर्वी

आयुर्मान वाढणे आणि कुटुंब लहान होणे, या दोन बदलांतून समाजाचे वृद्धत्व घडते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आता ते सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. २००१ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील नागरिक सुमारे ७.६६ कोटी होते, तर २०११ मध्ये ही संख्या १०.३८ कोटी झाली. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आहेत. पूर्वी चार-पाच भावंडांत वाटली जाणारी आईवडिलांची जबाबदारी आता एका-दोघांवर येते, आणि त्यातलाही एखादा नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी असतो.

अशा परिस्थितीत शहरातील मध्यमवर्गीय ज्येष्ठांच्या हाती बहुधा एकच भक्कम आधार उरतो, तो म्हणजे राहते घर. आयुष्यभराची कमाई त्यात गुंतलेली असते. हे घर हयातीतच मुलांच्या नावे करावे की नाही, हा म्हणूनच केवळ कौटुंबिक जिव्हाळ्याचा प्रश्न राहत नाही. उतारवयातील सुरक्षितता आणि घरातील मान हे दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

देऊन टाकण्याची परंपरा

'आपल्यानंतर सारे त्यांचेच आहे, मग आताच देऊन मोकळे व्हावे', ही भावना मराठी घरांना नवी नाही. तिचे दुःखद टोक वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मध्ये १९७० मध्ये रंगभूमीवर आले. सर्वस्व मुलांना देऊन बसलेले अप्पासाहेब बेलवलकर अखेरीस बेघर होतात, ही कथा आजही प्रेक्षकांना आपल्या शेजारची वाटते.

आता हे देणे अधिक सोपेही झाले आहे. राहते घर मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र बक्षीसपत्राची एकदा नोंदणी झाली की मालकी त्याच क्षणी बदलते आणि एरवी ते केवळ मन बदलले म्हणून रद्द करता येत नाही.

कायदा काय सांगतो?

वृद्ध आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी कायद्याने फार पूर्वीच मान्य केली होती. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ यांत तशी तरतूद होती. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तेथेही ती कायम आहे. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणे वृद्धांना झेपत नसे. त्यासाठी संसदेने 'आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' संमत केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून अमलात आला.

स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणारे आईवडील, तसेच साठ वर्षे पूर्ण केलेले ज्येष्ठ नागरिक या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवरही सारखीच आहे. सज्ञान नातवंडेही तिच्या कक्षेत येतात. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, त्यांची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे अशा नातेवाइकांकडे निर्वाह मागता येतो. अर्जदाराला स्वतः जाणे शक्य नसल्यास त्याच्या वतीने अन्य व्यक्ती किंवा स्वयंसेवी संस्थाही अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. ज्येष्ठ नागरिकाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कलम २३ चे महत्त्व

घराच्या दृष्टीने या कायद्यातील कलम २३ सर्वांत महत्त्वाचे आहे. कायदा अमलात आल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने 'माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते.

येथे सारा भर 'अट' या शब्दावर आहे. प्रेमापोटी केलेल्या बक्षीसपत्रात अशी अट सहसा लिहिलीच जात नाही. डिसेंबर २०२२ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अशी अट होती हे सिद्ध झाल्याखेरीज कलम २३ चा लाभ मिळणार नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने तिने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवून ताबा परत देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे आणि त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. तथापि त्या प्रकरणात सांभाळ करण्याची हमी लेखी स्वरूपात होती, हे विसरता येत नाही.

कायद्याच्या मर्यादा

निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. मोठ्या शहरातील औषधोपचार आणि मदतनीसाचा खर्च पाहता ही रक्कम अपुरी ठरते. ही मर्यादा काढणारे आणि सून-जावयांनाही जबाबदार धरणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण ते संमत झाले नाही. शिवाय या कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने स्त्रीला मिळालेला निवासाचा हक्क अशा रीतीने डावलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावले.

कोणती काळजी घ्यावी?

बहुतेक कुटुंबांसाठी बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र अधिक सुरक्षित असते. ते मृत्यूनंतरच अमलात येते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक असते. बक्षीसपत्रच करावयाचे असल्यास सांभाळाची अट आणि पती-पत्नी दोघांचाही हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. पैशांची चणचण असेल तर बँकांच्या 'रिव्हर्स मॉर्गेज' योजनेचाही विचार करता येतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घर तारण ठेवून ठरावीक रक्कम मिळते आणि घरातला मुक्काम सुटत नाही. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन उपलब्ध आहे.

मुलांकडे लेखी अट मागणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, अशी अनेक आईवडिलांची समजूत असते. प्रत्यक्षात लेखी अटीमुळे दोन्ही पिढ्यांना आपापली जबाबदारी आधीच कळते आणि उद्याचे कटू प्रसंग टळतात. ज्या घरात वृद्ध माणूस आश्रित नसून हक्काने राहतो, तेथे त्याच्या शब्दालाही वजन राहते. कायदा निर्वाह मिळवून देऊ शकतो, मायेचा ओलावा नाही. पण डोक्यावरचे छप्पर स्वतःचे असेल, तर त्या मायेसाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ तरी येत नाही.