तटावरची पाटी आणि माझी फजिती

मागच्या वर्षी एका चर्चासत्रात मी एक फोटो दाखवला. दगडी तट आणि त्याच्या आतल्या बाजूने जाणारी, लाकडी छपराची अरुंद वाट. खाली मी लिहिलं होतं, ‘रोटेनबुर्ग, १४वं शतक’. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “डावीकडचा तो दगड जरा मोठा करून दाखव.” दाखवला. त्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं आणि खाली ‘१ मीटर’. मीटर हे माप फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं. ते चौदाव्या शतकातल्या तटावर कुठून आलं?

संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

रोटेनबुर्ग ऑब डेअर टाउबर हे जर्मनीत, बव्हेरियातलं तटबंदीचं गाव. आम्ही चौघी भाड्याचं मोटरहोम घेऊन ‘रोमँटिक रस्ता’ नावाच्या मार्गाने निघालो होतो. (नाव कितीही जुनं वाटलं तरी हा मार्ग १९५० साली पर्यटनासाठी आखलाय.) एवढं धूड काही वेशीतून आत नेता येत नाही. तटाबाहेरच्या वाहनतळावर लावायचं, रात्री तिथेच झोपायचं. त्यामुळे सकाळी पर्यटकांच्या बसगाड्या यायच्या आत आम्ही तटावर होतो. मी भराभर फोटो काढले. पाट्या दिसल्या होत्या, पण वाचल्या नाहीत. चूक झाली ती इथे.

आता गावाचा इतिहास बघा. १२७४ मध्ये ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर झालं, भरभराटीला आलं. तीस वर्षांच्या युद्धानंतर मात्र रया गेली. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनी टिकली. एकोणिसाव्या शतकात चित्रकार आणि प्रवासी आले, त्यांना ही गरिबी फार सुंदर वाटली. १६३१ मध्ये सेनापती टिलीने गाव घेतलं, हे खरं. पण माजी नगराध्यक्षाने वाइनचा भलामोठा चषक एका दमात रिकामा करून गाव वाचवलं, ही दंतकथा. १८८१ पासून तिचं नाटक होतं आणि गर्दी त्या चषकासाठीच जमते!

३१ मार्च १९४५ ला अमेरिकी विमानांनी बाँब टाकले. पूर्वेकडची शेकडो घरं, बुरूज आणि तटाचा बराच भाग कोसळला. पुढे तट पुन्हा उभारायला जगभरातून देणग्या आल्या. ज्याने जितक्या मीटरचा खर्च उचलला, त्याचं नाव तटावर लागलं. त्यात जपानी नावंही आहेत. माझा ‘मध्ययुगीन’ फोटो नेमका या भागातला होता. पूर्वेच्या गल्ल्यांत नीट पाहिलंत तर घरांचे आकार आणि उतरती छपरं जुन्यासारखी, पण भिंती साध्या गिलाव्याच्या आहेत.

मग तो फोटो टाकाऊ का? नाही. तो चौदाव्या शतकाचा पुरावा नाही, पण युद्धानंतरच्या लोकांना कसलं मध्ययुग हवं होतं याचा पक्का पुरावा आहे. प्रश्न बदलला की तोच दगड बोलायला लागतो.

आणि पाट्या वाचायला शिकलात की पाटी नसलेली माणसंही शोधा. तेराव्या शतकात थोर धर्मपंडित रब्बी मायर इथे राहत होते. १५२० मध्ये ज्यूंना गावाबाहेर काढलं. १९१४ मध्ये त्यांच्या जुन्या दफनभूमीच्या जागेवर हिब्रू कोरलेले थडग्यांचे दगड सापडले. एकोणिसाव्या शतकात ज्यू कुटुंबं परत आली होती, त्यांना ऑक्टोबर १९३८ मध्ये पुन्हा हाकललं. त्या काळात नाझी हेच गाव ‘आदर्श जर्मन शहर’ म्हणून मिरवत होते. तटावरून दिसणारं देखणं दृश्य या गोष्टीसकट वाचायचं असतं. मी तर तटाच्या देखभालीचा खर्च कोण उचलत होतं, एवढंच शोधत आले होते. आत राहायचा हक्क कुणाला होता, हे प्रकरण प्रबंधात नंतर आलं.

त्या फोटोखाली आता ‘पूर्वेकडचा तट, १९४५ नंतरची पुनर्बांधणी’ असं लिहिलंय. चौदाव्या शतकासाठी दक्षिणेकडच्या भागातला एक फोटो सापडला, थोडा हललेला. त्या भिंतीत डागडुजी कुठे कुठे झालीय, ते अजून तपासतेय.