बेने इझ्राएलांचे सणाचे पदार्थ
महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर, मुख्यतः कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यात, शतकानुशतके वसलेल्या मराठीभाषी ज्यू समाजाचे सणासुदीचे खाद्यपदार्थ. हिब्रू ग्रंथांशी दीर्घकाळ संपर्क तुटल्यामुळे हा समाज आपले सण मराठी नावांनी ओळखू लागला. त्यांपैकी काही नावे पदार्थांवरूनच पडली. ती हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या बेने इझ्राएलांवरील इतिहासग्रंथात (लेखन १८९७, प्रकाशन १९३७) नोंदलेली आहेत. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा सण’ होय. त्या दिवसाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडीत. तिश्री महिन्यातील ‘खिरीच्या सणा’ला नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवीत. मांस व दूध एकत्र खाणे धर्माने निषिद्ध असल्याने सामिष जेवणातील जोडपदार्थांतही दुधाऐवजी नारळाचाच रस वापरतात. भिजवलेले पोहे, गूळ वा साखर आणि ओले खोबरे यांचा मलिदा फळांसह एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ मांडतात. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इझ्राएलमध्ये स्थलांतरित झाले. तेथेही मलिद्याची प्रथा टिकून आहे. धर्मग्रंथांच्या अभावी या समाजाची धार्मिक स्मृती जतन करण्यात स्वयंपाकघराचाही मोठा वाटा होता, हे यावरून दिसून येते.