अकरा वाजून दोन मिनिटांपर्यंत : नागासाकी, ९ ऑगस्ट १९४५

नागासाकीला गेलेला प्रवासी सहसा आधी शहराच्या दक्षिण भागात फिरतो. बंदरावर नजर ठेवून असलेलं ग्लोव्हर या व्यापाऱ्याचं १८६३ सालचं घर तिथे आहे. शेजारीच १८६४ साली उभं राहिलेलं ओउरा चर्च आहे, आणि याच भागात चिनी व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात बांधलेलं सोफुकुजी मंदिरही. मग माणूस ट्रॅमने उत्तरेला उराकामीच्या खोऱ्यात जातो आणि तिथे १९४५ च्या आधीचं जे काही दिसतं ते फुटलेलं, जळालेलं किंवा काचेआड ठेवलेलं असतं. एका शहराचे हे दोन भाग कसे झाले, ते त्या दिवसाचे तास मोजत गेल्याशिवाय कळत नाही. खाली दिलेल्या वेळा जपानी घड्याळाप्रमाणे आहेत.

आधीचे दिवस

अणुबॉम्ब वापरण्याचा अमेरिकी लष्करी आदेश २५ जुलैचा. त्यात चार शहरं होती : हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी. नागासाकीचं नाव यादीत अगदी शेवटी आलं. आधी तिथे क्योटो होतं. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी हट्टाने ते काढायला लावलं. डोंगरांनी चिरलेलं, लांबट आकाराचं नागासाकी बॉम्बचा परिणाम मोजायला फारसं सोयीचं नव्हतं, तरी ते यादीत बसलं. इथे मित्सुबिशीची जहाजगोदी होती, ‘मुसाशी’ ही महाकाय युद्धनौका तिथेच बांधली गेली. पर्ल हार्बरवर सोडलेले टॉर्पेडोही याच शहरातल्या कारखान्यातले. नागासाकी हे युद्धसामग्री बनवणारं शहर होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या कारखान्यांत सक्तीने आणलेले कोरियन मजूर आणि शाळकरी मुलं राबत होती, हेही तितकंच खरं.

दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचा बेत होता. पुढचे दिवस हवा खराब राहणार असा अंदाज आला आणि तारीख दोन दिवस अलीकडे ओढली गेली.

८ ऑगस्ट

‘हिरोशिमावर नव्या प्रकारचा बॉम्ब पडला, बरंच नुकसान झालं’, एवढंच जपानी वर्तमानपत्रांत आलं. पण बातमी चालत्या माणसांबरोबर नागासाकीत पोहोचली होती. मित्सुबिशीतले अभियंते त्सुतोमु यामागुची कामानिमित्त हिरोशिमाला गेले होते. तिथे ते भाजले आणि तशाच अवस्थेत ८ तारखेला घरी परतले. हिरोशिमा पाहून आलेल्यांकडून नागासाकीचे गव्हर्नर वाकामात्सु नागानो यांच्याही कानावर गोष्ट गेली. त्यांनी दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांची बैठक बोलावली. विषय होता, नागरिकांना शहराबाहेर कसं हलवायचं.

९ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर

सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या. जपानला तडजोडीसाठी मॉस्कोची शेवटची आशा होती, ती संपली. तोक्योत ही बातमी पहाटे पोहोचली, तेव्हा बॉम्ब घेऊन निघालेलं विमान आधीच हवेत होतं.

पहाटे २.४७

तिनियन बेटावरून ‘बॉक्सकार’ हे बी-२९ उडालं. वैमानिक मेजर चार्ल्स स्वीनी. पोटात साडेचार टनांहून जड ‘फॅट मॅन’, प्लुटोनियमचा बॉम्ब. उड्डाणाआधीच एक बिघाड लक्षात आला होता : राखीव टाकीतलं सुमारे २,४०० लिटर इंधन पंप चालत नसल्यामुळे वापरता येणार नव्हतं. पंप बदलायला वेळ लागला असता, म्हणून तसंच निघायचं ठरलं. पहिलं लक्ष्य कोकुराचं शस्त्रागार. तिथे जमलं नाही तर नागासाकी.

सकाळी ७.५०

नागासाकीत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. उन्हाळ्यातली दमट सकाळ. शहराला भोंग्याची सवय झाली होती. १ ऑगस्टला गोदीवर आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर साधे बॉम्ब पडले होते आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी मुलांना खेड्यांत पाठवलं होतं. उरलेले लोक डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत जाऊन बसले.

८.३०

धोका टळल्याचा भोंगा झाला. लोक बाहेर आले.

या दिवसाचा सगळ्यात जड क्षण मला हाच वाटतो. अकरा वाजता कोण कुठे असणार, हे इथे ठरलं. लोक बोगद्यांतून निघाले आणि आपापल्या रोजच्या कामाला लागले, त्यात कुणाचीही चूक नव्हती.

वैद्यकीय महाविद्यालयात तास सुरू झाले. युद्धाला डॉक्टर कमी पडत असल्यामुळे उन्हाळ्यातही सुट्टी नव्हती. क्ष-किरण विभागात ताकाशी नागाई कामाला लागले. त्यांना स्वतःला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान जूनमध्येच झालं होतं, आणि पत्नी मिदोरी उराकामीतल्या घरी होती. शिरोयामा शाळेत मुलं नव्हती; शिक्षक होते आणि मित्सुबिशीच्या कार्यालयातले काही कर्मचारी, कारण कारखान्याचं थोडं काम शाळेच्या इमारतीत हलवलं होतं. मुलं आसपासच्या घरांत, गल्ल्यांत, ओढ्याकाठी होती. उराकामीच्या तुरुंगात कैद्यांचा आणि पहारेकऱ्यांचा दिवस सुरू झाला.

आणि उराकामीच्या चर्चमध्ये लोक पापनिवेदनासाठी जमू लागले. १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. दोन धर्मगुरू आत बसले होते.

उराकामीच्या या ख्रिस्ती वस्तीचा धागा आपल्याकडेही येतो. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून त्याच वर्षी १५ ऑगस्टला जपानच्या किनाऱ्याला लागला. पुढे १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं गेलं. त्यातला एक गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचा. नागासाकी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या सव्वीस जणांचं ब्राँझचं स्मारक आहे, आणि वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय. त्यानंतर अडीचशे वर्षं इथले लोक चोरून धर्म पाळत राहिले. बंदी १८७३ मध्ये उठली. मग त्यांनी विटा रचत रचत उराकामीचं मोठं चर्च बांधायला घेतलं. काम १८९५ ला सुरू झालं, मुख्य इमारत १९१४ ला पुरी झाली. एवढ्या छळातून तगलेली ही वस्ती त्या सकाळी नेहमीसारखी जागी होती.

त्याच सुमाराला, दक्षिणेला याकुशिमा बेटावर, ‘बॉक्सकार’ घिरट्या घालत होतं. छायाचित्रं घेणारं तिसरं विमान भेटीच्या जागी आलंच नाही. पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं, स्वीनी सुमारे चाळीस मिनिटं थांबला आणि आधीच तुटपुंजं असलेलं इंधन जाळत राहिला.

९.४४

कोकुरा. पाहणी करून गेलेल्या विमानाने आभाळ मोकळं असल्याचा निरोप दिला होता, पण आता शस्त्रागार दिसेना. आदल्या दिवशी शेजारच्या याहातावर आगीचे बॉम्ब पडले होते, त्याचा धूर इकडे पसरला असं एक कारण सांगितलं जातं. याहाताच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी मुद्दाम डांबर जाळून धूर केला, असंही काहींनी नंतर सांगितलं. लक्ष्य डोळ्यांनी दिसल्याशिवाय बॉम्ब सोडायचा नाही, असा हुकूम होता. विमानाने तीनदा फेरी मारली. खालून तोफा डागल्या जात होत्या. पाऊण तास गेला.

१०.३० च्या सुमारास

स्वीनीने विमान नागासाकीकडे वळवलं. आता परत तिनियनला पोहोचण्याइतकं इंधन नव्हतं. ओकिनावा गाठता आलं तरी पुष्कळ. नागासाकीवर एकच फेरी शक्य होती.

त्याच वेळी तोक्योत युद्धाची सर्वोच्च समिती बसली. शरणागती पत्करायची का आणि कोणत्या अटींवर, यावर सहा माणसं वाद घालत होती.

कोकुराच्या सुटकेला जपानमध्ये लोक नशीब म्हणतात. कोकुराच्या माणसांनी तसं म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. पण या सगळ्या गोष्टीला योगायोगाची गोष्ट म्हणायला माझं मन तयार होत नाही. ढगांनी आणि धुराने फक्त पत्ता बदलला. कुठल्या ना कुठल्या शहरावर तो बॉम्ब त्या दिवशी पडावा, हे माणसांनी शाई-कागदावर ठरवलं होतं. आणि हिरोशिमानंतर तीन दिवस वाद घालत बसणंही तोक्योतल्या माणसांनीच निवडलं होतं.

१०.५३

नागासाकीच्या आकाशात दोन बी-२९ दिसली. दोनच विमानं म्हणजे टेहळणी असणार, असं धरलं गेलं आणि पुन्हा भोंगा झाला नाही. डोंगरांतले बोगदे हजारो माणसांना पुरले असते. त्या घडीला आत होती ती काही शेकड्यांत.

११ वाजता

दुसऱ्या विमानातून मोजमापाची उपकरणं तीन पॅराशूटांना लटकवून सोडली गेली. खालच्या काही जणांनी ती पाहिली. त्यांच्यासोबत एक पत्रही होतं, अमेरिकी शास्त्रज्ञांनी जपानी शास्त्रज्ञ र्‍योकिचि सागाने यांना लिहिलेलं. सागाने पूर्वी त्यांच्याबरोबर काम करत होते. सरकारला या बॉम्बचं सामर्थ्य पटवून द्या, अशा आशयाचं ते पत्र बॉम्बच्या बरोबरच पाठवलं गेलं.

शहरावर ढग होते. नेम मध्यवस्तीवर धरायचा होता, म्हणजे जुन्या बाजारपेठेवर आणि तिच्या पुलांवर. ती जागा दिसेना. रडारवर भरवसा ठेवून सोडायची तयारी झाली होती, तेवढ्यात नेम धरणारा कर्मिट बीहान याला ढगांत फट दिसली. त्या दिवशी त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होता. फटीखाली उराकामीचं खोरं होतं, ठरलेल्या जागेपासून जवळपास तीन किलोमीटर दूर.

तातेयामाच्या बोगद्यात गव्हर्नर नागानो यांची बैठक भरत होती. कार्यालयात यामागुची आपल्या वरिष्ठाला हिरोशिमात काय पाहिलं ते सांगत होते, आणि वरिष्ठाचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

११.०२

मात्सुयामा वस्तीवर, जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर स्फोट झाला. ताकद सुमारे २१,००० टन टीएनटीइतकी. खालच्या जमिनीचं तापमान तीन-चार हजार अंशांवर गेलं.

चर्च तिथून अर्ध्या किलोमीटरवर. आत असलेलं कुणीही वाचलं नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० ख्रिस्ती लोकांपैकी ८,५०० गेले, असा अंदाज आहे. शिरोयामा शाळेची सुमारे १,४०० मुलं आपापल्या घरी मेली. तुरुंगात होते ते सगळे, कैदी, कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक मिळून १३४. महाविद्यालयात तासाला बसलेले विद्यार्थी बाकांवरच. नागाई जखमी होऊन वाचले, मिदोरी वाचली नाही. यामागुची दुसऱ्यांदा वाचले आणि २०१० पर्यंत जगले.

दक्षिणेचा भाग डोंगरांआड राहिला. ग्लोव्हरचं घर, ओउरा चर्च, सोफुकुजी आज आपण पाहतो ते यामुळे. ढग नसते तर बॉम्ब त्यांच्या बराच जवळ पडला असता. त्या सुंदर वास्तू पाहताना त्यांच्या बदल्यात कोण गेलं, हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

उराकामीत काय पाहाल? सान्नो देवळाची दगडी कमान पाहा. स्फोटाच्या बाजूचा खांब गेला, दुसरा एकटाच अर्धी कमान डोक्यावर घेऊन उभा आहे. वरचा आडवा दगड जागच्या जागी किंचित फिरलेला दिसतो. पडलेले तुकडे जवळच मांडून ठेवलेत. पायऱ्या चढून गेलं की कापराची दोन प्रचंड झाडं आहेत. ती जळून बोडकी झाली होती, पुढे पालवली. स्फोटबिंदूच्या उद्यानात ओढ्याकडे उतरलात तर काचेमागे त्या वेळच्या जमिनीचा थर दिसतो : कौलांचे तुकडे, विटा, वितळून गोळा झालेली काच, सगळं मातीत तसंच. वरून हिरवळ आहे आणि लोक डबे खात बसलेले असतात. शांतता उद्यानात तुरुंगाच्या भिंतींचे पाये जमिनीलगत राखलेत. कितामुरा सेइबो यांच्या मोठ्या पुतळ्याकडे जाण्याच्या घाईत बरेच जण ते न पाहताच पुढे जातात. तसं करू नका.

दुपार

ओकिनावावर ‘बॉक्सकार’ एकच्या सुमारास उतरलं, टाक्या जवळजवळ कोरड्या. तोक्योतल्या बैठकीत नागासाकीची बातमी आली, तरी वाद चालूच राहिला. उराकामीच्या बाजूला जळत्या खोऱ्याच्या तोंडाशी मदतीची पहिली आगगाडी पोहोचली आणि जखमींना भरून निघाली. लोक पाणी मागत होते. शांतता उद्यानातलं कारंजं त्यांच्यासाठी १९६९ मध्ये बांधलं गेलं.

१० ऑगस्ट

पहाटे दोनच्या सुमारास सम्राटाने शरणागतीच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर थोड्याच वेळात लष्कराचा छायाचित्रकार योसुके यामाहाता मिचिनोओ स्टेशनवर उतरला आणि उजाडताच कॅमेरा घेऊन उराकामीत शिरला. त्या एका दिवसाची त्याची छायाचित्रं आज संग्रहालयात आहेत, ११.०२ वर थांबलेल्या एका घरगुती घड्याळाच्या आसपास. वर्ष संपेपर्यंत मृतांचा आकडा सुमारे ७४,००० झाला.

हिरोशिमावरच्या बॉम्बची माहिती देणारी आणि शहर सोडून जा असं सांगणारी अमेरिकी पत्रकं नागासाकीवर विमानातून टाकली गेली, ती या दिवशी, १० तारखेला.