मिग-२१ ची शेपटी का रुंदावली? तुलना करण्याआधी एक धडा

मिग-२१ म्हटलं की आपण एकच विमान समजतो. पण १९६३ मध्ये चंदीगडला २८ स्क्वाड्रनकडे आलेलं एफ-१३ आणि १९७१ च्या युद्धात लढलेलं एफएल यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट सोडणारी मिग-२१ विमानं एफएलच होती. हेच एफएल आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलं. त्याच्या शेपटीवरचा उभा पंख, म्हणजे फिन, एफ-१३ पेक्षा स्पष्ट रुंद दिसतो. का?

फिनचं काम बाणाच्या मागच्या पिसांसारखं. विमान थोडं तिरकं वळलं की हवा फिनवर दाब देते आणि नाक परत सरळ होतं. याउलट, गुरुत्वमध्याच्या पुढचा भाग विमानाला आणखी तिरकं करू बघतो. आता एफ-१३ च्या नाकात फक्त अंतर मोजणारं छोटं रडार होतं. एफएलमध्ये लक्ष्य शोधणारं आर२एल रडार आलं. त्यासाठी नाकातला शंकू वाढला, हवा आत घेणारं तोंडही वाढलं. त्यात भर म्हणजे, ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे जाताना फिनची पकड कमी कमी होत जाते. मग फिन वाढवायचा कुठे? पोटाखालचा फिन फार वाढवता येत नाही, उतरताना तो जमिनीला घासेल. म्हणून वरचा रुंद केला. त्याच्या बुडाशी ब्रेक पॅराशूटलाही जागा मिळाली. एफ-१३ मध्ये ते पोटाखाली होतं.

थोडक्यात, शेपटीतल्या बदलाचं कारण बरंचसं नाकात सापडतं.

पण इथेच थांबा. या दोन फोटोंवरून 'रुंद फिनमुळे एफएल जास्त स्थिर झालं' असं लिहिता येईल का? नाही! नाक, पाठ, वजन आणि फिन हे सगळं एकदमच बदललंय. फक्त फिनचा परिणाम हवा असेल, तर बाकी सगळं तेच ठेवून फिन बदलायला हवा. पवनबोगद्यात मॉडेलवर नेमकं हेच करतात.

पुढची गंमत बघा. ओझरलाच नंतर मिग-२१ एम आणि बिस बनली. त्यांची पाठ आणखी फुगली, पण फिन जवळपास तसाच रुंद राहिला. म्हणजे प्रत्येक बदलाला शेपटीतून उत्तर मिळतंच, असंही नाही. 'काय बदललं' याच्याइतकंच 'काय बदललं नाही' हेही नोंदवायला हवं.

हाच प्रश्न स्वतःच्या विषयाला विचारा. समजा, तुम्ही घुग्घुसच्या धुळीवर काम करताय. दोन नमुन्यांमध्ये फक्त खाणीपासूनचं अंतर बदललंय, की वारा, ऋतू आणि ट्रकचा रस्ताही? प्रस्ताव लिहायच्या आधी दोन रकाने आखा: बदललेलं आणि न बदललेलं. पहिल्या रकान्यात एकापेक्षा जास्त गोष्टी आल्या, तर निष्कर्षाची घाई करू नका. आधी तुलना दुरुस्त करा.